औषधाचा गुण नि औषधाचा त्रास

मंडळी, हा पाठ जरा मोठा आहे. एका रात्रीत संपला नाही तर दोन रात्री घ्या. मध्ये औषधांची नावे येतील, ती अवघड आहेत. अडलात तर शेजाऱ्याला विचारा, पण सोडून पुढे जाऊ नका.

आपल्या बोलीत एक चांगला शब्द आहे, ‘गुण’. कोणी औषध घेतले की आपण विचारतो, “गुण आला का?” आला म्हटले की आपले समाधान होते. पण औषध गुणाबरोबर कधीकधी त्रासही देते. मग कोणी म्हणतो, “गोळी उष्ण पडली.” कोणी म्हणतो, “सोसली नाही.” कोणी म्हणतो, “औषध बाधलं.” शब्द आहेत, पण सगळ्या त्रासांना आपण एकाच मापाने मोजतो. त्यातून काय घडते ते आम्ही पाहिले आहे. थोडे आमच्या स्वतःच्या अंगावर घडले, थोडे दुसऱ्याच्या. दुसऱ्याच्या अंगावर जे घडले त्यात आमची चूक होती. तीही या पाठात सांगणार आहोत.

ही गोष्ट २०१९ सालची. आम्ही माणदेशात राहतो. इकडे पाऊस कमी, वारा फार. उन्हाळ्यात धुरळा नाकातोंडात जातो, म्हणून खोकला कोणी मनावर घेत नाही. आम्हीही घेतला नाही. रात्रीचा वर्ग चालवायचा, फळ्यावर लिहायचे. म्हटले, खडूचाच खोकला असेल. औषधाच्या दुकानातून गोड औषधाची बाटली आणली. ती संपली, दुसरी आणली. असे सात आठवडे गेले. संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घामाने गोधडी ओली. आमचे वजन ५० किलो होते, ते ३९ वर आले. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबू लागला.

एके रात्री वर्गातल्या एक म्हाताऱ्या बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “गुरुजी, दोन आठवडे खोकला राहिला तर बेडका तपासावा, असा धडा तुम्हीच आम्हाला शिकवला. तुमचा कधी तपासायचा?”

वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि हसता हसता पुन्हा खोकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. बेडक्यात क्षयाचे जंतू निघाले.

क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. गोळ्या माणसाच्या वजनाप्रमाणे ठरतात. ३५ ते ४९ किलो वजनाच्या मोठ्या माणसाला रोज ३ गोळ्या. म्हणून आम्हालाही ३. पहिले दोन महिने एकेका गोळीत चार औषधे असतात, पुढचे चार महिने तीन. सकाळी अनशापोटी तिन्ही गोळ्या एकदम घ्यायच्या. नेहमीच्या क्षयाला असे सहा महिने. पूर्वी सरकारी दवाखान्यात आठवड्यातून तीनदा गोळ्या देत. २०१७ पासून रोज देऊ लागले.

गोळ्यांचे पाकीट हातात देताना आरोग्यसेविका म्हणाल्या, “गुरुजी, लघवी लाल होईल बरं का. घाबरू नका. तो औषधाचा रंग आहे.”

एवढे एकच वाक्य. पण ते ऐकले नसते तर त्याच दुपारी आमची पाचावर धारण बसली असती. पळसाची फुले रात्रभर पाण्यात भिजत घातली की जसे केशरी पाणी होते, तशी लघवी झाली. घामालाही रंग आला. पांढऱ्या बनियनला काखेत डाग पडले. आई म्हणाली, “हे पोरगं आतनं वितळाय लागलंय.” आम्ही तिला सेविकेचे वाक्य सांगितले. तिला काही पटले नाही. पण रोज पहाटे पाण्याचा तांब्या आणि गोळ्या आमच्या उशाशी आणून ठेवायला ती विसरली नाही.

आता या चार औषधांची ओळख करून घेऊ. मोठ्याने वाचा. रि-फॅम-पि-सिन. आय-सो-नाय-झिड. पाय-रा-झि-ना-माइड. ए-थॅम-ब्यु-टॉल. आमच्या वर्गातले एक आजोबा ही नावे वाचताना म्हणायचे, “चार साहेब आले, आता उभं राहायला पाहिजे.”

पहिले रिफॅम्पिसिन. लाल रंग याचाच. रंगाने काही बिघडत नाही. हे औषध फार मोलाचे आहे. जंतू सुस्त होऊन दडून बसतात, त्यांनाही ते गाठते. पूर्वी क्षयाचा उपचार वर्षभर, दीड वर्ष चाले. रिफॅम्पिसिन आले, त्याला पायराझिनामाइडची जोड मिळाली, आणि सहा महिन्यांत काम होऊ लागले.

दुसरे आयसोनायझिड. ते १९५२ पासून क्षयावर वापरात आहे. भराभर वाढणारे जंतू ते पहिल्या काही दिवसांतच मारते. पण त्याने अंगातले ब-६ जीवनसत्त्व कमी पडते, आणि मग हातापायांना मुंग्या येतात. म्हणून त्याच्या जोडीला ब-६ची एक लहान गोळी देतात. आता आमचा शहाणपणा ऐका. आम्हाला वाटले, ही लहान गोळी म्हणजे नुसती ताकदीची. ताकद आपण शेंगदाण्यातून मिळवू. आधीच तीन मोठ्या गोळ्या गिळताना घसा धरतो, त्यात ही चौथी कशाला? आम्ही ती डब्यात टाकून ठेवू लागलो. कोणाला बोललो नाही.

दीड महिन्याने तळपायांना मुंग्या यायला लागल्या. आधी वाटले, मांडी घालून बसल्याने येत असतील. पुढे पाय बधिर झाले. एकदा चालताना चप्पल पायातून निसटली, ती चार पावले गेल्यावर कळली. कळली तीही मागून येणाऱ्या पोराने हाक मारली म्हणून. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “लहान गोळी घेता ना?” आम्ही खाली मान घातली. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, “मास्तर, तुम्ही लोकांना एक अक्षर गाळू देत नाही. मग गोळी कशी गाळली?” त्यांनी ब-६ वाढवून दिले. महिन्या-सव्वा महिन्यात पाय पुन्हा आपले वाटू लागले.

तिसरे पायराझिनामाइड. याने आमचे गुडघे धरले. उकिडवे बसवेना. याने रक्तात युरिक नावाचे आम्ल वाढते, म्हणून सांधे दुखतात. साधी दुखण्यावरची गोळी डॉक्टरांनी दिली, तेवढ्यावर निभावले. तिसऱ्या महिन्यात हे औषध बंद झाले आणि गुडघेही मोकळे झाले.

चौथे एथॅम्ब्युटॉल. याचा त्रास थोड्यांनाच होतो, पण तो डोळ्यांना होतो, म्हणून लक्षात ठेवायचा. अंधुक दिसू लागते, लाल आणि हिरवा रंग ओळखताना गोंधळ होतो. मिरचीची रास पाहून लाल कोणती, हिरवी कोणती असा प्रश्न पडला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वेळेवर थांबवले तर बहुधा नजर परत येते. आम्हाला तो त्रास झाला नाही.

त्रासाचे एवढे सांगितले, आता गुणाचे. दहाव्या-बाराव्या दिवशी रात्रीचा घाम थांबला. कोरडी गोधडी अंगावर असणे हे केवढे सुख आहे, ते ज्याची भिजली त्यालाच कळेल. तिसऱ्या आठवड्यात भूक लागली. नुसती लागली नाही, खवळली. एक भाकरी जेमतेम जायची तिथे तीन जाऊ लागल्या. आई भाजता भाजता म्हणायची, “आता पीठ पुरंना.” आणि हे म्हणताना तिचे तोंड हसरे असायचे. दोन महिन्यांनी बेडका पुन्हा तपासला, जंतू दिसले नाहीत. सहा महिन्यांनी वजन ४६ किलो भरले. त्या काळात सरकार क्षयरोग्याला पोषणासाठी महिना ५०० रुपये देत असे. ही योजना २०१८ साली सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. आमच्या ५०० रुपयांत आई अंडी आणि डाळ आणायची.

पण मंडळी, गुण लवकर येतो, हीच खरी अडचण आहे. दोन महिन्यांत माणूस ठणठणीत होतो. मग त्याला वाटते, आता कशाला गोळ्या? अंगातले बहुतेक जंतू मेलेले असतात हे खरे. उरलेले थोडे दडून बसलेले असतात. त्यांच्यासाठीच पुढचे चार महिने आहेत. मध्येच औषध सोडले की ते पुन्हा डोके काढतात, आणि कधी कधी असे निगरगट्ट होऊन येतात की त्याच गोळ्या त्यांना लागू पडत नाहीत.

वाडीवरचे एक मेंढपाळ मामा होते. त्यांनाही क्षय झाला, आमच्या आधी वर्षभर. त्यांनी चौथ्या दिवशीच गोळ्या ओढ्यात फेकून दिल्या. का? ते आम्हाला म्हणाले, “गुरुजी, मुतातनं रगात पडाय लागलं. आदीच अंगात रगात न्हाई, त्यात ह्येबी जायला लागलं. मग म्या काय करू?”

त्यांना ते एक वाक्य कोणी सांगितले नव्हते. पाकिटावर छापलेले त्यांना वाचता येत नव्हते, आणि ते इंग्रजीत होते, म्हणजे आम्हालाही धड वाचता आले नसते. आठ महिने मामा मेंढरामागे तसेच हिंडले. शेवटी थुंकीतून खरोखरच रक्त पडले, तेव्हा दवाखान्यात आले. तोवर घरात थोरल्या मुलालाही लागण झाली होती. दोघेही औषध घेऊन बरे झाले. पण मामांचे एक फुप्फुस निकामी झाले आहे. खंडोबाच्या डोंगराची चढण चढताना ते अजून तीनदा बसतात.

इथे जुनी हकिगत थोडक्यात सांगतो. क्षयावर औषध नव्हते तेव्हा रोग्याला आरोग्यधामात ठेवीत. मोकळी हवा, दूध-अंडी, विश्रांती. ज्याला परवडे तो जाई. बाकीचे घरीच खंगत. १९४३ साली अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत त्यांचे विद्यार्थी शाट्झ यांना मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. क्षयाच्या जंतूंवर चालणारे ते पहिले मोठे औषध. ते इंजेक्शनाने देत. त्याने माणसे वाचली, पण काहींचे कान गेले, काहींचा तोल गेला. म्हणजे गुण आणि त्रास ही जोडी पहिल्या दिवसापासूनची आहे.

मग १९५६ साली मद्रासला एक मोठा प्रयोग सुरू झाला. १९३ रोगी घेतले, सगळे गरीब वस्तीतले. काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना घरीच ठेवले. औषध दोघांना सारखेच, वर्षभर. घरच्यांना ना दूध-अंडी, ना विश्रांती. एका खोलीत सगळे कुटुंब. १९५९ साली निकाल जाहीर झाला. घरी राहिलेले रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नव्हती. तेव्हापासून जगभर क्षयाचा उपचार घरी होऊ लागला. आम्ही आईच्या हातची भाकरी खात बरे झालो, ते या मद्रासच्या माणसांमुळे. या प्रयोगातली एक गंमत अशी की रोगी खरोखर औषध घेतो का, हे पाहायला ते घरी जाऊन त्याची लघवी तपासत. औषध पोटात गेले असेल तर लघवीत सापडणारच. आज रिफॅम्पिसिनचा रंग तेच काम करतो. मामा ज्या रंगाला भ्याले, तो रंग औषध अंगात पोचल्याची पावती होती.

मामांची हकिगत ऐकून आम्हाला फार वाईट वाटले. आम्ही ठरवले, हे वाक्य कोणालाच माहीत नाही असे पुन्हा होऊ द्यायचे नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले:

‘क्षयाच्या गोळीने लघवी लाल होते. घाबरू नका. गोळी थांबवू नका.’

नुसते लिहिले नाही. वर्गातल्या प्रत्येकाला ते दहा वेळा वहीत उतरवायला लावले. शेजारच्या काकू तेव्हा नुकत्याच अक्षर जोडायला शिकल्या होत्या. आपल्या नावानंतर त्यांनी लिहिलेले हे पहिले पुरे वाक्य. आम्ही खाली तांबड्या शाईने ‘छान’ असा शेरा दिला.

२०२१ साली काकूंनाच क्षय झाला. वय ५८, अंगाने काटकुळ्या. त्यांनी गोळ्या सुरू केल्या. लघवी लाल झाली, त्या घाबरल्या नाहीत. आम्हाला अभिमान वाटला. पाचव्या आठवड्यात त्यांना मळमळू लागले. मग उलट्या. अन्नाचा वास नको झाला. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली. सुनेने विचारले, “आत्या, दवाखान्यात जाऊ या का?” काकू म्हणाल्या, “नको. गुरुजींनी सांगितलंय, लघवीचा रंग बदलतो. गोळी थांबवायची नाही.” आणि उलटीच्या तोंडी त्या रोज गोळ्या घेत राहिल्या. आठ दिवस.

नवव्या दिवशी सून त्यांना अंगणात उन्हात बसवून डोके विंचरत होती. काकूंनी वर पाहिले आणि सुनेला डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा दिसला. ती तशीच पळत आमच्याकडे आली. आम्ही गाडी करून काकूंना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेले.

डॉक्टरीणबाईंनी डोळे पाहिले, पोट दाबून पाहिले. म्हणाल्या, “ही कावीळ आहे. औषधाने यकृताला सूज आलीय. उलट्या कधीपासून होतात?”

“आठ दिवस झाले,” सून म्हणाली.

“आठ दिवस? मग गोळ्या थांबवून इकडे का नाही आलात?”

काकूंना बोलायची ताकद नव्हती. त्यांनी पिशवीतून वही काढली, ते पान उघडले आणि बाईंपुढे धरले. दहा ओळी. खाली आमचा तांबडा शेरा.

“हे कोणी लिहायला लावलं?” बाईंनी विचारले.

आम्ही म्हणालो, “आम्ही.”

त्यापुढे बाई काही बोलल्या नाहीत. रक्त काढायला सांगून त्या निघून गेल्या. आम्ही बाहेर बाकावर बसलो. त्या रात्री सून आमच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तिचे चुकले असे आम्हाला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही.

काकू वाचल्या. बाईंनी क्षयाच्या सगळ्या गोळ्या बंद केल्या. रक्त पुन्हा पुन्हा तपासले. तीन आठवड्यांनी यकृत ताळ्यावर आले. मग एकेक औषध, थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने, परत सुरू केले. प्रत्येक वेळी रक्त तपासून. क्षयाच्या चार औषधांपैकी रिफॅम्पिसिन, आयसोनायझिड आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. कोणते बाधले ते एकेक देऊनच कळते. काकूंचा उपचार लांबला, पण पुरा झाला.

आता हे नीट वाचा. हवे तर दोनदा वाचा.

रिफॅम्पिसिनचा रंग पहिल्या दिवसापासून येतो. तो केशरी-लाल असतो. गोळी घेतल्यावर काही तासांनी गडद होतो, नंतर फिका पडतो. डोळे पांढरेच राहतात. भूक लागते. हा नुसता रंग आहे.

काविळीची लघवी मागाहून, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी येते. ती गडद, काळपट-पिवळी असते आणि दिवसभर तशीच राहते. बरोबर मळमळ, उलटी, अन्नावरची वासना जाणे, फार थकवा, उजव्या बरगडीखाली दुखणे, यांतले काही असते. डोळे पिवळे होतात. डोळे दिव्याखाली पाहू नयेत, दिव्याचा उजेड फसवतो. सकाळी अंगणात पाहावेत. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबत नसल्या, तर त्या दिवशीची गोळी घेऊ नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. मनाने गोळी बंद करून घरी बसायचे नाही, आणि मनाने चालूही ठेवायची नाही. डॉक्टर सांगतील तसे. उपचार चालू असताना दारू घेणाऱ्याचे यकृत लवकर बिघडते, हे त्याच्या घरच्यांनीही वाचून ठेवावे. थोडी मळमळ पुष्कळांना होते. तिच्यावर उपाय असतो. कधी कधी थोडे खाऊन गोळी घ्यायला डॉक्टर सांगतात. पण विचारायला तर पाहिजे.

आणखी एक गोष्ट, बायकांसाठी. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या चालू असतील तर रिफॅम्पिसिनने त्यांचा गुण कमी होतो. दोन्ही गोळ्या नेमाने घेऊनही दिवस जाऊ शकतात. लाज न धरता आरोग्यसेविकेला सांगावे, त्या दुसरा उपाय देतात. रक्तदाबाच्या, साखरेच्या, फिटच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगाव्यात. सगळी पाकिटे पिशवीत घालून नेली की काही विसरत नाही.

जंतू निगरगट्ट झालेल्या क्षयाची औषधे वेगळी असतात आणि त्यांचे त्रासही मोठे. पूर्वी त्यांत इंजेक्शने असत. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन या मुलीला क्षय दुसऱ्यांदा झाला. २०१३ साली अशा इंजेक्शनांनी तिचे ऐकू येणे गेले. क्षय बरा झाला, कान गेले. ती रडत बसली नाही. बेडाक्विलिन नावाची एक नवी गोळी आली होती, तिच्यामुळे इंजेक्शने टाळता येतात. पण ती महाग होती, कारण ती बनवायचा मक्ता एकाच कंपनीकडे होता आणि तो कंपनीला आणखी वाढवून हवा होता. नंदिता आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी २०१९ साली भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. फुमेझाचेही कान असेच गेले होते. मार्च २०२३ मध्ये कार्यालयाने कंपनीची मागणी फेटाळली. बेडाक्विलिनलाही त्रास नाही असे नाही. ती हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते, म्हणून मधून मधून हृदयाचा आलेख काढतात.

काकूंच्या दुखण्यानंतर आम्ही वर्गात विचारले, “औषधाचा त्रास कोणाकोणाला झाला?” आम्हाला वाटले दोघे-तिघे बोलतील. त्या रात्री धडा झालाच नाही. एक बाई म्हणाल्या, बाळंतपणात लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे व्हायला लागले, म्हणून सासूने गोळ्या बंद करायला लावल्या. तोही नुसता रंगच. एका काकांना रक्तदाबाच्या गोळीने कोरडा खोकला लागला होता. तीन महिने ते आले-गूळ खात राहिले. दाब आटोक्यात होता, म्हणून गोळीवर कोणाचा संशय जाईना. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि खोकला गेला. काका म्हणाले, “गोळी गुणाची होती, पण माझ्या गळ्याशी तिचं पटलं नाही.” इतक्या वर्षांत यांतले कोणीच डॉक्टरांना आपणहून सांगितले नव्हते. का, असे विचारले तर म्हणाले, “त्यांना राग आला तर?”

राग आला तर येऊ द्या. सांगणे हा आपला हक्क आहे. औषधाच्या त्रासाची नोंद ठेवायला सरकारने २०१० साली एक योजना सुरू केली. तिथे डॉक्टर कळवतात तसे रोगीही कळवू शकतो. फोन फुकट आहे: १८००-१८०-३०२४.

घरी करायचे काम: आपल्या घरातले एखादे औषधाचे पाकीट घ्या. त्यावर उभी लाल रेघ आहे का ते पाहा. ती असली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. संपण्याची तारीख शोधा, महिना आणि साल वहीत उतरवा. मग औषध देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा आणि उत्तरे आपल्या अक्षरात लिहा. हे औषध कशासाठी? याने कोणता त्रास झाला तर चालेल? कोणता झाला तर धावत यायचे?

काकू आता रोज वर्गाला येतात. वहीतले ते जुने पान त्यांनी फाडले नाही. आम्ही फाडू या म्हणालो, तर म्हणाल्या, “राहू द्या. खोटं नाही ते. अर्धं आहे.” आणि दहाव्या ओळीखाली, आमच्या तांबड्या शेऱ्याला लागून, त्यांनी स्वतःच्या अक्षरात अकरावी ओळ लिहिली. ‘डोळे पीवळे झाले तर थांबा आनि दवाखान्यात जा.’ तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक आहे आणि ‘आणि’चा ण चुकला आहे. आम्ही ती तपासायला मागितली, तेव्हा काकूंनी वही मिटून पिशवीत ठेवली.